आखाजीचा स्लॅब

जळगाव, ११ जानेवारी १९७०

चि. पंडित,

आज आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत नारळ फुटला. माझ्या थोरल्या दिरांना, झुलालभाऊंना, मंगल कार्यालय बांधायचं आहे. बांधू देत बापडे. गावात लग्नं होतात, वऱ्हाडाला छप्पर लागतंच. पण दर्शनी भागावर बसवायचा दगड कोरून आला आहे, त्यावर काय लिहिलंय ते वाच. 'मंजुळा मंगल कार्यालय'.

माझ्या मंजूचं नाव, पंडित! आणि तेही लग्नाच्या कार्यालयाला!

तुला सगळं ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहिते, कारण या घरात ते कुणाजवळ बोलायची सोय नाही. हे गेल्यावर घराचा कारभार दिरांकडे गेला. मंजू सोळाची झाली आणि त्यांनी ती जामनेरकडच्या बड्या घरात देऊन टाकली, कारण त्या घरातला व्याही तालुक्याच्या राजकारणात कामाचा होता. पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पोर माहेरी आली ती पाठीवर वळ घेऊन. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माय, माले तठे धाडू नको." ती काकांच्या पाया पडली, मी जाऊबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. जेठासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. पदराआडून जाऊबाईंना सांगायचं, त्यांनी पुढं पोचवायचं. उत्तरही तसंच फिरून आलं: आखाजी सरली की लेक सासरी जाते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिला एस.टी.त बसवून दिली. पंधरवड्याच्या आत तिला विहिरीतून काढलं. पाय घसरला, असं व्याह्यानं सांगितलं आणि दिरांनी मान डोलावली.

आता चार वर्षांनी नगरपालिकेला उभं राहायचं आहे, म्हणून पुतणीचा पुळका आला. करून करून भागला आणि देवपूजेला लागला. मी जाऊबाईंकरवी निरोप धाडला की दुसरं काहीही नाव द्या, हे नको. तर दारातून मला ऐकू येईल असं म्हणाले, "पोर मरी गयी, पन तिनं नाव तं ऱ्हायी. आते आखो काय जोयजे तिले?"

आणखी काय हवं, विचारतात! मला एकच हवंय. ते नाव उतरलं पाहिजे. त्या नावाखाली एकही अक्षता पडता कामा नये.

सार्वजनिक वापराची इमारत म्हणून नगरपालिकेनं काँक्रीटच्या तपासणीचा दाखला मागितला आहे. ते ठोकळे धुळ्याला तुझ्याच प्रयोगशाळेत येणार आहेत. तू ते नापास कर. एवढी एकच ओवाळणी माग म्हणालास तर मी हीच मागेन.

तुझी,
अक्का

*

धुळे, २३ जानेवारी १९७०

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ बाहेर रस्त्यावर उभा होतो. आग्रा रोडवरचे ट्रक बघत. झुलालभाऊंचा मला तुझ्याइतकाच राग आहे. मंजू माझ्या खांद्यावर बसून पांझरेच्या पुलावर हिंडलेली पोर आहे.

पण ठोकळा नापास कसा करू ते सांग. बांधकामावर जो माल कालवतात, त्यातलाच थोडा लोखंडी साच्यात भरतात. सहा इंची चौकोनी ठोकळा होतो. तो आमच्याकडे पाण्याच्या हौदात ठेवायचा, मुदत भरली की यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचा आणि दाबत न्यायचा. काटा चढत जातो, चढत जातो, आणि एकदम कडाड! फुटला त्या वेळी काटा जिथं होता ती त्याची ताकद. शेजारी साहेब उभे असतात, शिपाई उभा असतो. काट्याला बहीणभाऊ नसतात गं.

कार्यालयाच्या पायातले ठोकळे परवाच आले. नथ्थू मिस्तरी स्वतः घेऊन आला होता. आमच्या धुळ्याकडचाच माणूस आहे, कापडण्याचा. सात दिवस भरलेला एक काल फोडून पाहिला, त्याचा माल उत्तम आहे. हे लिहिताना माझीच जीभ कडू होते, पण आहे ते आहे.

आणि समजा मी खोटं लिहिलं, तर तुझे दीर ते पाडून पुन्हा बांधतील. नाव तेच राहील. आणि खरोखरच कच्चं बांधलं तर उद्या ते कुणाच्या डोक्यावर येईल? नवरीच्या. तिची मायही मांडवात असेल, अक्का.

दुसरं काही सांग. तू इथं राहायला ये. मी गाडीभाडं घेऊन न्यायला येतो.

पंडित

*

जळगाव, १४ फेब्रुवारी १९७०

चि. पंडित,

काट्याला बहीणभाऊ नसतात हे बरं सांगितलंस. घरोघरी मातीच्या चुली, म्हणतात. तुमच्या सरकारात लोखंडाच्या असतील.

रागानं लिहिलं, मनावर घेऊ नकोस. कुणाच्या डोक्यावर काही पडावं असं मला वाटत नाही. ते तू म्हणालास ते खरं आहे आणि मी ते विसरले होते.

धुळ्याला मी येणार नाही. मी गेले तर मंजूचं नाव त्यांच्या हातात एकटं राहील.

शेजारी खांब उभे राहिलेत. दिवसभर खडखड चालते. खिडकीत बसून बघते मी. एक विचारायचं होतं. माल चांगला असला, मिस्तरी प्रामाणिक असला, तरी काँक्रीटला भेगा जातात म्हणे? आपल्या शेजारच्या डाळमिलच्या नव्या ओट्याला गेल्या आहेत, म्हणून विचारते. कशानं जातात? सवडीनं लिही.

अक्का

*

धुळे, २ मार्च १९७०

ती. अक्का,

तुझा प्रश्न वाचून किती बरं वाटलं सांगू! चार वर्षांत तू पहिल्यांदा मंजूखेरीज दुसरं काही विचारलंस. मन कशात तरी रमायला लागलं की माणूस सावरतं. तेव्हा आज तुझा भाऊ मास्तर झाला आहे असं समज आणि पाटी पुढं ओढ.

लोकांना वाटतं काँक्रीट वाळलं की घट्ट होतं. साफ चूक. चिखल वाळून घट्ट होतो. काँक्रीट पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंटच्या पोटात पाणी गेलं की आत कामं सुरू होतात आणि ती दिवसच्या दिवस चालतात. तेवढे दिवस त्याला पाणी मिळालं पाहिजे. म्हणून स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर छोटे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि ते भरून ठेवायचे, भाजीच्या वाफ्यासारखे. कडेला गोणपाट अंथरून तेही ओलं ठेवायचं. सात दिवस तर डोळ्यांत तेल घालून. पुढंही पंधरा दिवस मारत राहिलं तर सोन्याहून पिवळं.

पाणी नाही मिळालं, तर वरचा थर आधी आटतो आणि आकसतो. खालचा अजून आकसलेला नसतो. ओढाताण होते आणि कातडी तडकते. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन आणि वरून तो सुटलेला वारा म्हणजे काँक्रीटचा काळ. सकाळी टाकलेल्या स्लॅबवर संध्याकाळी जाळी उमटलेली मी स्वतः पाहिली आहे.

घाबरू मात्र नकोस. अशा भेगांनी इमारत कोसळत नाही. आतल्या सळ्या आणि खालचा माल धरून असतो. पण दिसायला ओंगळ, पावसाळ्यात ओल झिरपते आणि मालकाची छी थू होते. डाळमिलच्या ओट्याला असंच झालं असणार. पाणी मारायच्या माणसानं ताणून दिली असेल!

गंमत अशी, की त्याच मालाचा ठोकळा आमच्या हौदात डुंबत असतो. तो यंत्रात घालावा तर वाघासारखा टिकतो. एकाच घमेल्यातून निघालेले दोघे. एकाचे लाड, एकाची उपासमार.

झालं, मास्तरांची शिकवणी संपली. पुढचा प्रश्न पाठव.

तुझा,
पंडित

*

जळगाव, १२ एप्रिल १९७०

चि. पंडित,

शिकवणी दोनदा वाचली. लहानपणी तुला पाढे मी शिकवले, आता तू मला शिकवतोस. काळ फिरतो.

इकडची खबर. भिंती वर आल्या. स्लॅब कधी टाकायचा यावर बरंच बोलणं झालं. नथ्थू मिस्तरी म्हणत होता, ऊन उतरू द्या, मृगाच्या तोंडावर टाकू. मी जाऊबाईंना सहज म्हटलं, आखाजीसारखा मुहूर्त नाही, त्या दिवशी जे सुरू होतं त्याला क्षय नसतो, आणि लग्नाच्या वास्तूला याहून काय हवं? त्यांनी ते आत नेलं. दिरांना एकदम पटलं. आता तेच सगळ्यांना सांगत फिरतात, जणू त्यांनाच सुचलं. आखाजीला सकाळी पहिलं घमेलं ते स्वतः टाकणार आहेत. मजुरांना आमरस-मांड्यांचं जेवण आहे. जेवून जो तो आपापल्या गावी.

म्हणून यंदा मला आखाजीला न्यायला येऊ नकोस. माहेरी येणं जमणार नाही. काम आहे.

अक्का

*

धुळे, २१ एप्रिल १९७०

ती. अक्का,

आखाजीला? आठ मेला? झुलालभाऊंना उन्हानं घेरी आली की काय? खानदेशात आखाजीला मजूर कुठला मिळतो? वर्षाच्या करारावर राबणारा सालदारसुद्धा त्या दिवशी मोकळा होतो. स्लॅब टाकतील हौसेनं, पण नंतर आठ दिवस पाणी कोण मारणार?

तू त्यांना सांग. नको, तू कशी सांगणार! मीच त्यांना पत्र घालतो. मुहूर्त पाळायचा तर त्या दिवशी घमेलंभर माल पायरीला टाका आणि स्लॅब पुढं ढकला.

आणि तू येत नाहीस हे मला मुळीच आवडलेलं नाही. झोका बांधायचा म्हणून मी नवा दोर आणून ठेवला आहे. माझ्या बायकोनं गौराईची गाणी म्हणायला शेजारणी गोळा केल्यात. तू नाहीस तर आखाजी कसली?

पंडित

*

जळगाव, २६ एप्रिल १९७०
(पोस्टकार्ड)

चि. पंडित,

दिरांना पत्र घालू नकोस. धाकट्या भावाचा मेव्हणा आपल्याला शिकवतो, असं त्यांना वाटेल आणि मला ऐकून घ्यावं लागेल. पाण्याची काळजी सोड. पंप आमच्या परसातल्या विहिरीवर आहे. ते काम जाऊबाईंनी माझ्याकडे दिलं आहे.

अक्का

*

जळगाव, १९ मे १९७०

चि. पंडित,

स्लॅबला भेगा गेल्या.

काल झुलालभाऊ इंदूरहून लग्न आटोपून आले. आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी ते आणि जाऊबाई दोघं गेले होते. आल्या आल्या शिडी लावून वर चढले. मी खाली अंगणात ज्वारी निवडत होते. मग खाली आले, तोंड उतरलेलं. टोपी काढून हातात धरली होती.

मी नंतर वर जाऊन बघितलं. तू म्हणाला होतास तशीच जाळी आहे. नदीच्या कोरड्या पात्रात चिखल फाटतो ना, तशी. एक भेग तर दर्शनी बाजूला, जिथं नावाचा दगड बसवला आहे, तिथपर्यंत उतरली आहे.

बातमी बाजारापर्यंत गेली. सकाळपासून कोणी ना कोणी येऊन वर बघून जातंय. सराफ्यातला एक म्हातारा म्हणाला, आखाजीला जे होतं त्याला क्षय नाही म्हणतात, मग ही भेगही अक्षयच की. सगळे हसले. मी पदर तोंडाला लावला. पंडित, मला चार वर्षांत हसू आलं नव्हतं.

दीर म्हणतात, नाव उतरवणार नाही, भेगाच बुजवणार. बघू.

अक्का

*

धुळे, २५ मे १९७०

ती. अक्का,

झुलालभाऊंचं पत्र थेट आमच्या साहेबांना आलं आहे. नथ्थूनं सिमेंट चोरलं, रेती जास्त घातली, असा आरोप आहे. त्याला त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली आणि फौजदाराच्या ताब्यात देण्याची धमकी दिली, असं तो स्वतः इथं येऊन सांगून गेला. गडी रडत होता. "दादा, मी बठ्ठं सिमेट मोजी टाकं. मी चोर नही शे." दुसऱ्या ठिकाणचं काम त्याच्या हातून गेलं. घरात सून बाळंत झाली आहे.

साहेबांनी मलाच तपासणीला पाठवायचं ठरवलं. येत्या आठवड्यात येतो. तोवर मला एकच कळव. आखाजीनंतर पाणी मारलं होतंस ना?

पंडित

*

धुळे, ७ जून १९७०

ती. अक्का,

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं नाहीस. तुमच्या घरी मी दोन दिवस होतो, तेव्हाही तू जेवायला वाढलंस आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. म्हणून लिहावं लागतंय.

आधी तपासणी. आखाजीच्या सकाळचे ठोकळे नथ्थूनं दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन, आमच्या हौदात आणून टाकले होते. मुदत भरल्यावर परवा फोडले. काटा हवा त्याच्याही पुढं गेला. सिमेंट पुरेपूर आहे. मग स्लॅबवर छिन्नीनं भेगा उकरून पाहिल्या. बोटाच्या पेराएवढ्या खोल, खाली माल शाबूत. वर वाळूची पोती रचून दिवसभर भार ठेवला. स्लॅब वाकला तो नियमात, भार काढल्यावर परत आला. अक्का, ही इमारत आपल्या दोघांनंतरही उभी राहील. भेगा बुजवून वर गिलावा केला की कोणाला दिसणारसुद्धा नाहीत.

आता दुसरं. पंपाच्या खोलीत गोणपाटं बघितली मी. नीट घडी घालून ठेवलेली, धूळ बसलेली. नथ्थू म्हणतो, निघायच्या आधी त्यानं वाफे करून पाणी भरलं, गोणपाटं अंथरली आणि सगळं तुझ्या हवाली केलं. ती गोणपाटं कोणी उचलली?

मी तुला लिहिलेली ती शिकवणी! मला वाटलं, अक्काचं मन रमतंय. बायकोला वाचून दाखवली मी ती. तू माझी पत्रं याच्यासाठी वाचत होतीस?

मला आता दाखला लिहायचा आहे. कारण लिहिलं नाही तर नथ्थू चोर ठरतो. कारण लिहिलं तर दीर विचारतील, पाणी कुणाकडे होतं. मला झोप येत नाही. तूच सांग काय लिहू.

पंडित

*

जळगाव, ११ जून १९७०

चि. पंडित,

लिही. पाणी मारलं नाही असं लिही. ठळक लिही.

गोणपाटं मी उचलली. वाफ्यातलं पाणी दुपारपर्यंत आटलं, मी पुन्हा भरलं नाही. पंपाची किल्ली कमरेला होती, विहिरीला पाणी होतं. सात दिवस मी ओसरीत बसून त्या उन्हाकडे बघत होते. मला वाटत होतं, ताप अजून. मला पश्चात्ताप झाला असेल असं तुझ्या मनात असेल, तर तो नाही.

तुझी शिकवणी मी त्याच्यासाठीच मागितली, हे खरं. पण त्यातली एक ओळ मी शोधायला गेले नव्हते, तीच मला सापडली. एकाच घमेल्यातून निघालेले दोघे. एकाचे लाड, एकाची उपासमार. तू गंमत म्हणून लिहिलंस. मी ते वाचून चुलीपुढं बसून राहिले. तुझी सुमन आणि माझी मंजू एका वयाच्या. सुमनला तू मॅट्रिकला बसवलीस. दोघी एकाच वाणाच्या ना रे? माझ्या पोरीत काय कमी होतं? काहीच कमी नव्हतं. तिला तिसऱ्या दिवशी उन्हात टाकली. आणि वर म्हणतात, पोरगीच कच्च्या मनाची होती. नथ्थूला म्हणतात, मालच कच्चा होता. तीच जीभ, तोच माणूस.

नथ्थूचा विचार मी केला नव्हता. हे मला लागलं. सुनेच्या बाळंतपणात त्या माणसाच्या घरी माझ्यामुळं चूल थंड झाली. मी दिरांवर धरलेला नेम त्याला लागला. ते मी निस्तरीन. तू फक्त खरं लिही आणि दाखला पाठव. तो चारचौघांत वाचला जावा एवढं कर.

इमारत उभी राहणार म्हणतोस. राहू दे. मला ती पाडायची नव्हतीच. नाव अजून वर आहे, पंडित. भेगा बुजवतील आणि नाव तसंच राहील, याची आग माझ्या अंगात आहे.

अक्का

*

धुळे, १८ जून १९७०

ती. अक्का,

दाखला साहेबांच्या सहीनं आज रवाना केला. जसं आहे तसंच लिहिलं आहे. मी रविवारी येतो. तोवर कृपा करून गप्प राहा. तुझ्या पाठीशी कोणी नसताना त्या माणसासमोर बोलू नकोस.

पंडित

*

जळगाव, २७ जून १९७०

चि. पंडित,

रविवारी तू आलास तेव्हा घरात माणसं होती, धड बोलता आलं नाही. शिवाय खरी गोष्ट तू गेल्यावर झाली. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

दाखला शनिवारी आला. दिरांना वाटलं, नथ्थूला चोर ठरवणारा कागद आला. म्हणून त्यांनी पाकीट न फोडताच मुद्दाम पंच बोलावले. कार्यालयातच सतरंज्या टाकल्या. बाजारातले चार मोठे लोक, नगरपालिकेचे ओव्हरसियर, नथ्थू आणि त्याचा थोरला भाऊ. आम्ही बायका दाराशी. ओव्हरसियरनं मोठ्यानं वाचलं. सिमेंट पुरेसं आहे. मालात दोष नाही. पहिल्या दिवसांत पाणी न दिल्यामुळं पृष्ठभाग तडकला आहे.

नथ्थूच्या भावानं स्वतःची टोपी काढून नथ्थूच्या डोक्यावर ठेवली. नथ्थू मान खाली घालून बसला होता.

मग दीर गरजले, "पानी मारानं काम कोनाकडे व्हतं?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. त्या बोलल्या नसत्या. भली बाई आहे, नुसती भित्री. मी उठले. कपाळावरचा पदर मागं सारला. बावीस वर्षांत या माणसाला मी माझं तोंड दाखवलं नव्हतं आणि माझा आवाज ऐकवला नव्हता.

"मन्हाकडे व्हतं," मी म्हटलं. "मी पानी मारं नही."

ओव्हरसियरनं कागद खाली ठेवला.

"कसाले?" ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पंडित.

"आखाजीले मन्ही पोर तुम्हना पाया पडनी, तरी तुम्हीन तिले तिसरा दिनले धाडी दिन्ही. ती विहिरमा गयी. आते तिना नाववर लगीन लावतस?"

एवढंच बोलले. आणखी बरंच ठरवून ठेवलं होतं, ते आठवलं नाही. मग नथ्थूजवळ जाऊन हात जोडले आणि त्याची माफी मागितली, सगळ्यांदेखत. तो उठून उभा राहिला, म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई, मन्ही बी पोर सासरे शे." सराफ्यातला तो म्हातारा काठी टेकत उठला आणि दिरांकडे न बघता निघून गेला. त्याच्यामागं बाकीचे. मुलीचा पाय घसरला असं चार वर्षं ज्यांनी ऐकलं होतं, ते सगळे.

रविवारी तू आलास तेव्हा दीर खोलीत बसून होते, ते यामुळं. तुला वाटलं ताप आला आहे.

सोमवारी दोन घरच्यांनी दिवाळीनंतरच्या तारखा परत घेतल्या. म्हणाले, त्या नावाखाली आमच्या मुलीला उभी करणार नाही. बाजारात आता कार्यालयाकडं बोट दाखवून कोणी कोणाला काय सांगतं ते तुला वेगळं सांगायला नको. पाटी वाचली की विहीर आठवते. निवडणुकीचं नाव घरात निघत नाही.

परवा दीर थेट माझ्या दाराशी आले. जाऊबाई मध्ये नव्हत्या. म्हणाले, तुझ्या पोरीचं नाव अवलक्षणी निघालं, ते मी आता ठेवत नाही, आमच्या आईचं घालतो. नथ्थूला सांगितलं तर त्यानं हातोडी उचलायला नकार दिला, म्हणून भुसावळहून पाथरवट बोलावला. जाता जाता वळून म्हणाले, "आते बस रडत. तुन्ही पोरनं नाव गावमा कोठेच ऱ्हानार नही."

त्यांना वाटलं त्यांनी मला शिक्षा केली. मी पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. त्यांना तसंच वाटू दे. मी जर आनंद दाखवला असता तर त्या माणसानं हट्टानं नाव ठेवलं असतं.

घर सोड असं त्यांनी म्हटलेलं नाही. म्हणायची आता छाती नाही, गाव बघतंय. आणि मीही जाणार नाही. धुळ्याला सणाला येईन. बाकी रोज सकाळी दार उघडलं की त्यांना माझं तोंड दिसलं पाहिजे.

काल पाथरवट आला. मी खिडकी लावली नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकत होते, मिरच्यांचा ठेचा कुटून झाला होता. छिन्नी सुरू झाली. एकेक अक्षर जात होतं तसं मी ऐकत होते. मध्ये तो पाणी प्यायला थांबला तेव्हा माझाही हात तव्यावर थांबला. मग पुन्हा सुरू झालं आणि पाचव्या भाकरीला बंद झालं. मी बाहेर येऊन बघितलं. दगड पांढरा, कोरा होता.

आत आले, ताट घेतलं आणि मंजू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

तुझी,
अक्का